बाळाच्या पोटातला वायू: गुटी, हिंग, बाळगोळी आणि ग्राइप वॉटर कुठून आलं

खान्देशात घरात बाळ आलं की पंधरा दिवसांत पहिला वाद ठरलेला असतो, गुटी द्यायची की नाही. सासूबाई म्हणतात आम्ही सगळ्या पोरांना दिली, डॉक्टर म्हणतात सहा महिने आईच्या दुधाशिवाय थेंबभर काही नको, आणि मधल्यामधे बाळंतीण अडकलेली, रात्री दोनला पोरगं पाय पोटाशी घेऊन लालबुंद होऊन रडतंय आणि काय करावं सुचत नाही. दोन्ही बाजू अगदी ठाम असतात, म्हणून म्हटलं हे सगळं आलं कुठून ते एकदा नीट लिहून काढावं.

पोटदुखीचं वर्णन तर फार जुनं आहे. आयुर्वेदात लहान मुलांसाठी कौमारभृत्य ही वेगळी शाखा आहे आणि तिचा मुख्य ग्रंथ काश्यपसंहिता, जो नेपाळात सापडलेल्या हस्तलिखितावरून १९३८ मध्ये छापून आला. बाळ बोलू शकत नाही तर त्याला काय दुखतंय हे ओळखायचं कसं, यावर त्यात अख्खा अध्याय आहे. पोटशूळ असलेलं बाळ स्तन सोडून देतं, रडतं, उताणं पडतं, पोट ताठ होतं, अंग गार पडतं, तोंडावर घाम येतो. हे वाचून मी थक्क झाले, कारण आजची कुठलीही आई फोनवर डॉक्टरला जवळपास हेच सांगते. चाटणाचा, म्हणजे लेहनाचा अध्यायही त्यात आहे, आणि कोणत्या बाळाला चाटण देऊ नये याची यादीसुद्धा आहे. ही दुसरी यादी मात्र आपल्या घरांपर्यंत आलीच नाही, सगळ्यांना सरसकट गुटी सुरू झाली.

आता घरातली गुटी. हिरडा, बेहडा, मुरडशेंग, वेखंड, सुंठ, हळकुंड, जायफळ, मायफळ, अतिविष, काकडशिंगी, ज्येष्ठमध, नागरमोथा, बदाम, खारीक, घराघरात यादी थोडी वेगळी. यातली मुरडशेंग सातपुड्याची, पिळासारखी वळलेली शेंग, हिरडा-बेहडाही डोंगरातलाच. पण अतिविष आणि काकडशिंगी हिमालयाची, जायफळ दक्षिणेकडचं, खारीक समुद्रापलीकडची. म्हणजे जिला आपण आपली गावठी गुटी म्हणतो तिचा निम्मा माल व्यापाऱ्यांनी आणलेला. खान्देशात हे सहज शक्य होतं कारण सुरतहून बऱ्हाणपूरला जाणारा मुघल काळातला मोठा रस्ता नवापूर-नंदुरबारवरूनच जायचा. हिंगाचंही तसंच, हिंग इराण-अफगाणिस्तानातून यायचा, आणि भारतात त्याची लागवड करायचा पहिला प्रयत्न हिमाचलातल्या लाहौलमध्ये झाला तो थेट २०२० साली.

गुटी देण्याची पद्धत मात्र नीट बघण्यासारखी आहे. सहाण स्वच्छ धुवायची, त्यावर आईचं दूध किंवा उकळून गार केलेलं पाणी चमचाभर घ्यायचं आणि एकेक मुळी फिरवायची. प्रत्येकीचे वेढे ठरलेले. महिन्याच्या बाळाला एकच वेढा, जायफळ तर नुसतं टेकवल्यासारखं, बाळ मोठं होईल तसे वेढे वाढवायचे आणि कडू मुळी शेवटी. सगळं मिळून बोटाच्या पेराएवढं चाटण व्हायचं. माझ्या मते गुटीतली खरी अक्कल या वेढ्यांत होती. जायफळ जास्त झालं तर बाळाला गुंगी येते, वेखंडातला एक घटक तर इतका संशयास्पद ठरला की अमेरिकेने १९६८ साली वेखंड खाण्याच्या पदार्थांत घालायलाच बंदी केली. वेढा मोजणाऱ्या आजीमायचा हात हाच तिथे डोस होता. आता बाजारात गुटीची तयार पूड मिळते, चमच्याने पाण्यात कालवून पाजतात, म्हणजे औषध राहिलं आणि माप गेलं. अशा पुडी-गोळ्यांत शिसं सापडल्याची प्रकरणंही झालेली आहेत, त्यामुळे कोणी उघडी पूड आणून दिली तर सरळ नाही म्हणा.

एक भाग असा आहे की ज्याबद्दल घरात कोणी फारसं बोलत नाही, तो म्हणजे बाळगोळी. अफूची बारीक गोळी. बाई कापूस वेचायला किंवा निंदणीला गेली की बाळ झाडाला बांधलेल्या झोळीत, ते दिवसभर झोपून राहावं म्हणून गोळी द्यायची. खान्देश तेव्हा मुंबई इलाख्यात, आणि १८९३ ते १८९५ च्या अफू कमिशनपुढे, म्हणजे अफूच्या वापराची चौकशी करणाऱ्या इंग्रज सरकारच्या आयोगापुढे, इलाख्यातल्या या चालीच्या साक्षी झाल्या. पुढे गिरण्या आल्या, आपल्याकडे जळगाव, धुळे, अमळनेर, आणि गिरणीत जाणाऱ्या बायांपुढे तोच प्रश्न उभा राहिला. मजुरांच्या स्थितीवर १९३१ साली व्हिटली कमिशनचा अहवाल आला, त्यात गिरणी कामगारांच्या बाळांना अफू देण्याची चाल नोंदवलेली आहे आणि उपाय म्हणून पाळणाघरांची गोष्ट येते. अफूने पोटाची कळ खरंच थांबते, आतड्याची हालचालच मंदावते ना, पण बाळ दूध मागत नाही, वाळत जातं, आणि गोळी थोडी मोठी झाली तर श्वासच थांबतो. अशी किती बाळं गेली असतील आणि घरच्यांनी नशीब म्हणून सोडून दिलं असेल, विचार केला तरी पोटात कालवतं. त्या आयांना मी दोष देणार नाही, रोज बुडाली तर संध्याकाळी चूल पेटत नव्हती.

आणि विलायतेतही तेच चाललं होतं! नॉटिंगहॅम शहरात लेस विणणाऱ्या बाया १८४० च्या दशकात बाळांना गॉडफ्रेज कॉर्डियल नावाचं अफूचं सिरप पाजायच्या. त्याच नॉटिंगहॅममध्ये विल्यम वुडवर्ड या औषधवाल्याने १८५१ मध्ये ग्राइप वॉटर काढलं. पूर्व इंग्लंडच्या दलदलीच्या भागात तापाच्या बाळांना जे औषध द्यायचे त्यावरून त्याला ते सुचलं. त्यात शेपाचं तेल, खायचा सोडा, साखर, पाणी आणि अल्कोहोल होतं. अफू नव्हती हे चांगलंच, पण दारू होती, आणि ब्रिटनमध्ये ती बाटलीतून निघाली १९९२ च्या सुमारास. भारतात ही बाटली इतकी रुजली की टीव्हीवरच्या जाहिरातीत आजीची आजी सुद्धा तेच सांगायची, आणि मग ते आपलंच वाटायला लागलं. एका अर्थी ते आपलं होतंही, कारण बाळंतशेपा आपल्या बाळंतिणी आधीपासून खातच होत्या.

आज डॉक्टर जे थेंब लिहून देतात त्यातल्या काहींमध्ये सिमेथिकोनसोबत शेपा आणि बडीशेपेचं तेल असतंच. सिमेथिकोनने बुडबुडे फुटतात पण बाळाचं रडणं कमी होतं असं चाचण्यांत दिसलं नाही, बडीशेपेच्या तेलाचा थोडा फायदा काही छोट्या अभ्यासांत दिसला. मुळात हे रडणं म्हणजे गॅसच असंही नाही. अमेरिकेतल्या मॉरिस वेसल या बालरोगतज्ज्ञांनी १९५४ मध्ये व्याख्या दिली की दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त, आठवड्यात तीन दिवसांपेक्षा जास्त आणि तीन आठवड्यांहून अधिक रडणारं पण एरवी ठणठणीत बाळ म्हणजे कॉलिक. ते दीड महिन्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप थांबतं. मग त्या वेळी जे चालू असेल, गुटी, ग्राइप वॉटर किंवा दृष्ट काढणं, श्रेय त्याला मिळतं. सहा महिने फक्त आईचं दूध हा आजचा नियमही जागतिक आरोग्य संघटनेने २००१ पासून पक्का केला, त्याआधी चार ते सहा महिने सांगायचे, म्हणून जुन्या नर्सबाई वेगळं सांगतात ते खोटं नसतं, फक्त मागचं असतं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर जे पोटाबाहेरून करायचं ते खुशाल करा. दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढणं, कोमट तेलाने पोटावर हलक्या हाताने गोल मालिश, पाय सायकलसारखे हलवणं, ओव्याची पुरचुंडी आधी आपल्या गालाला लावून बघून मग कोमट शेक. "पोऱ्यानं पोट फुगनं", म्हणजे पोराचं पोट फुगलं, म्हटल्यावर बेंबीभोवती हिंगाचा लेप लावायचा तो लावा पण हिंग तोंडातून नको, पाच आठवड्यांच्या एका बाळाला हिंगाच्या औषधाने रक्तात प्राणवायू वाहून न्यायचा बिघाड झाल्याचं १९८४ मध्ये वैद्यकीय मासिकात छापून आलंय. मधाचं बोट वर्षाच्या आत अजिबात नाही, त्यातल्या जिवाणूने बाळाला लुळेपणा येऊ शकतो. आणि मेळघाटात पोटफुगीवर तापलेल्या विळ्याचे चटके देतात, डंबा म्हणतात त्याला, तसं काही कोणी सुचवलं तर बाळाला उचलून तिथून निघा. हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, दगडासारखं टणक पोट, दूध न घेणं किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप, यातलं एकही दिसलं तर सहाण तशीच ठेवायची आणि रात्र असली तरी दवाखाना गाठायचा.