गारेगार (घरगुती, बिनदुधाचे)

फळांचा गर, नारळाचे दूध, पन्हे, कोकम असे काही घरच्या फ्रीजमध्ये गोठवून केलेला उन्हाळी खाऊ. त्यात दूध, साय, खवा किंवा दुधाची भुकटी नसते. कांडी, प्लॅस्टिकच्या नळीतली पेप्सी, चमच्याने खरवडून खायचा सरबती बर्फ आणि मिक्सरमध्ये घोटलेला, आईस्क्रीमच्या जवळ जाणारा गर ही त्याची नेहमीची रूपे. सायकलला पेटी बांधून ‘गारेगाऽर’ अशी हाळी देणाऱ्या कांडीवाल्याकडेही बिनदुधाच्या कांड्या असतच. पण ते रंग आणि इसेन्स घातलेले साखरेचे पाणी. घरी करताना त्या पाण्याची जागा फळाने घेतली, तरच या खटाटोपाला अर्थ आहे.

दूध टाळण्याची कारणे एकसारखी नाहीत. मोठेपणी अनेकांच्या आतड्यात लॅक्टेज हे विकर (एन्झाइम) कमी पडते. मग दुधातली लॅक्टोज ही शर्करा पचत नाही, पोट फुगते, ढाळ होतात. अशांना थोडे दही किंवा ताक बहुधा सोसते, कारण विरजणातले जिवाणू काही लॅक्टोज आधीच संपवतात. म्हशीचे दूध सोडून गाईचे घेतल्याने मात्र काही साधत नाही, लॅक्टोज दोन्हींत असते. दुधाची ॲलर्जी ही निराळी गोष्ट. ती दुधातल्या प्रथिनांची असते आणि तेथे ‘थोडेसे चालेल’ हा हिशेब लागू पडत नाही. मिल्कशेक केलेले मिक्सरचे भांडे नुसते विसळून वापरले तरी त्रास होऊ शकतो. तिसरा गट प्राणिजन्य पदार्थच न खाणाऱ्या वीगन मंडळींचा.

या सगळ्यांची फसगत दुकानातल्या ‘फ्रोझन डेझर्ट’ या नावाने होते. भारतीय मानकांनुसार साध्या आईस्क्रीममध्ये किमान १० टक्के दुधाचा स्निग्धांश लागतो. त्याऐवजी वनस्पती तेल वापरले, तर तो पदार्थ फ्रोझन डेझर्ट म्हणून विकावा लागतो. पण तेल वनस्पतीचे असले तरी दुधाची भुकटी त्यात बहुधा असतेच. वेष्टनावरची घटकांची यादी वाचायला पर्याय नाही.

इतिहास : विजेचा फ्रीज येण्याआधी गारवा ही चैन होती. अकबराच्या दरबारात पाणी थंड करण्यासाठी सोरा हा क्षार वापरत आणि लाहोरला हिमालयातून बर्फ येई, याची नोंद ‘आइन-ए-अकबरी’त आहे. १८३३ मध्ये बॉस्टनहून ‘टस्कनी’ हे जहाज बर्फ घेऊन कलकत्त्याला पोचले आणि त्यानंतर लवकरच मुंबईच्या धनिकांच्या मेजावरही अमेरिकेच्या तळ्यांतला बर्फ दिसू लागला. हाताने फिरवायच्या आईस्क्रीम पॉटचे पेटंट फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन यांनी १८४३ मध्ये घेतले. लाकडी बादलीत बर्फ आणि खडेमीठ, मधोमध धातूचे भांडे, बाहेर दांडा अशी ही रचना महाराष्ट्रात अनेक घरांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरली. बर्फात मीठ मिसळले की मिश्रणाचे तापमान उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते, म्हणजे घरच्या फ्रीजरच्या उणे १८ अंशांपेक्षाही खाली. पॉट हाताशी असेल तर बिनदुधाच्या मिश्रणालाही तो फ्रीजरपेक्षा सरस; दांडा फिरवायला माणसे मिळाली पाहिजेत एवढेच. काडीवरच्या कांडीचे पेटंट कॅलिफोर्नियाच्या फ्रँक एपरसन यांना १९२४ मध्ये मिळाले. रात्रभर बाहेर राहिलेल्या पेल्यातले सरबत ढवळायच्या काडीसकट गोठले, ही लहानपणची घटना ते १९०५ मधली सांगत.

गोठण्याची क्रिया : पहिल्याच प्रयत्नात बहुतेकांच्या हाती चमचा वाकेल असा गोळा येतो. याचे कारण दुधाच्या अभावात आहे. दुधातला स्निग्धांश, प्रथिने आणि इतर घन घटक बर्फाच्या स्फटिकांना वाढू देत नाहीत. दूध वगळले की हे काम साखर, फळातले तंतू आणि पेक्टिन (जेलीला घट्टपणा देणारा घटक), नारळ-काजूचा स्निग्धांश किंवा शिजवलेला स्टार्च यांच्याकडे जाते. त्यांपैकी निदान दोन तरी मिश्रणात असावेत.

साखरेचे काम नुसते गोडीचे नसते. २० टक्के साखरेचे पाणी उणे दीड अंशाच्या आसपास गोठू लागते; पण ते एकदम गोठत नाही. पाण्याचा बर्फ वेगळा होत जातो तसे उरलेले पाणी अधिकाधिक दाट होते आणि हा पाक फ्रीजरमध्येही स्फटिकांच्या मध्ये न गोठता राहतो. चमचा आत शिरतो तो त्याच्यामुळे. फळांतले ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचा परिणाम तेवढ्याच वजनाच्या साखरेच्या जवळजवळ दुप्पट असतो, म्हणून पिकलेल्या फळाचा गर साखरपाण्यापेक्षा मऊ गोठतो. उलट कलिंगडात पाणी ९० टक्क्यांहून जास्त आणि साखर जेमतेम. त्याचा नुसता रस गोठवला तर दगड होणार. त्यात पिकलेले केळे किंवा आंबा घालावा, नाहीतर सरळ ताटलीत गोठवून काट्याने खरवडावे आणि लिंबू-सैंधव घालून खावे. हा दुसरा मार्गच बरा. केळे घातले की कलिंगडाची चव मरते.

थंडीने जीभ बधिर होते आणि गोडी कमी लागते. बाहेर चाखताना बेताचे गोड वाटलेले मिश्रण गोठल्यावर सपक लागते, म्हणून बाजारच्या कांडीत साखर भरमसाट असते. घरी ती वाढवण्याऐवजी चिमूटभर मीठ, लिंबू, वेलदोडा किंवा सुंठ घालून चव उचलता येते.

पदार्थ : महाराष्ट्रात या कामाला हापूसच्या आमरसाइतके सोयीचे दुसरे काही नाही. मोसमात डबे भरून रस गोठवून ठेवण्याची रीत अनेक घरांत आहे. तोच रस अर्धवट गोठल्यावर घोटला की वरून साखर न घालता उत्तम सरबती बर्फ होतो. पायरीचा रस पातळ, त्याची कांडी बरी. केळ्याला तर यंत्रही फारसे लागत नाही. साल काळी पडू लागलेली केळी चकत्या करून गोठवावीत आणि मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवावीत. आधी भुगा होतो, मग एकाएकी मलईसारखा गोळा जमतो. भुगा पाहून पाणी घालण्याचा मोह होतो, तो टाळावा.

कोकण आणि गोव्यातल्या घरांना नारळाचे पहिले दाट दूध हाताशीच असते. त्यात गूळ आणि वेलदोडा घातला की चव ओळखीची होते. हे दूध गोठताना फुटल्यासारखे दिसते. भिजवलेले काजू मऊ वाटून त्यात घातले किंवा पाण्यात शिजवलेले नाचणीचे सत्त्व मिसळले तर ते एकजीव राहते. सत्त्व अर्धकच्चे राहिले तर पिठूळ लागते. शहाळ्याचे पाणी आणि त्यातली कोवळी मलाई यांची कांडी सगळ्यांत सौम्य, पण कडक होते. अननसाची एक गंमत आहे : ताजा अननस दुधात घातला की त्यातले विकर दुधाच्या प्रथिनांवर काम करते आणि मिश्रण कडवट होते. बिनदुधाच्या प्रकारात ही अडचण जवळजवळ उरत नाही. सीताफळाचा गर मात्र तापवू नये, तो कडवट पडतो. बिया काढून कच्चाच घ्यावा. कोकमासाठी आगळ (खारवलेला रस) घ्यायचे की अमृत कोकम (साखरेत केलेला पाक), हे आधी ठरवावे. आगळात भरपूर मीठ असते, त्यामुळे कांडी नीट धरत नाही आणि खारट लागते; आमसुले भिजवून केलेला अर्क आणि गूळ हा मधला मार्ग. जांभूळ, करवंद, कैरीचे पन्हे यांना फार सोपस्कार लागत नाहीत.

कृतीत मुख्य गोष्ट वेगाची. मिश्रण आधी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात पुरते गार करावे, उथळ स्टीलच्या डब्यात ओतावे आणि कडा धरू लागल्या की काट्याने मोडून ढवळावे. पूर्ण गोठेपर्यंत दर अर्ध्यापाऊण तासाने हे करावे लागते. गोठणे जितके जलद आणि ढवळणे जितके वारंवार, तितके स्फटिक बारीक. कांडी ढवळता येत नाही, म्हणून तिचे मिश्रणच दाट हवे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, तेव्हा साचा काठोकाठ भरू नये.

आरोग्य : दूध काढले म्हणजे पदार्थ आपोआप पौष्टिक होतो, हा समज सोडून द्यावा. दुधाबरोबर प्रथिने आणि कॅल्शियमही जाते आणि फळांच्या कांडीत त्याची भरपाई होत नाही. नारळाचा स्निग्धांश बहुतांशी संपृक्त असतो. गुळाला चव आहे, थोडी खनिजे आहेत, पण रक्तातल्या साखरेच्या दृष्टीने तो साखरच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातली साखर मिळून दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, ५ टक्क्यांहून कमी असेल तर अधिक चांगले. मोठ्या माणसासाठी हे ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. गाळलेल्या रसापेक्षा तंतूंसकट गर चांगला, तो यामुळेही. मधुमेह असलेल्यांनी आमरसाची कांडी ‘बिनसाखरेची’ म्हणून मोजू नये. वर्षाखालील बाळाला मध घातलेले काही देऊ नये, आणि काजू-शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या पाहुण्यांना आधी विचारावे.

गोठवल्याने जंतू मरतात असे नाही. बरेचसे नुसते थांबतात. म्हणून पाणी उकळून गार केलेले हवे. काडीवरच्या बर्फाच्या गोळ्यासाठी बर्फाची विकतची लादी आणत असाल, तर खाण्याचा बर्फ कुठला हे विचारून घ्यावे. मासळी, औषधे वगैरे गार ठेवण्याचा बर्फ वेगळा ओळखू यावा म्हणून महाराष्ट्रात २०१८ मध्ये त्यात निळा रंग घालण्याचे आदेश निघाले होते.

साधने आणि साठवण : साचा नसला तरी चालते, स्टीलचे छोटे पेले, वाट्या, कुल्फीचे जुने ॲल्युमिनियमचे साचे पुरतात. मात्र आंबट मिश्रण ॲल्युमिनियममध्ये ठेवू नये. काडी लाकडीच घ्यावी. आईस्क्रीमच्या प्लॅस्टिकच्या काड्यांवर देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. पातळ मिश्रणात काडी कलंडते, म्हणून ती तासाभराने, कडा धरल्यावर खोचावी. काढताना साचा नळाखाली क्षणभर धरला की पुरे. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीजमध्ये तापमान सतत थोडे वरखाली होते, लहान स्फटिक विरघळून मोठ्यांवर जमतात आणि दोनतीन आठवड्यांत पदार्थ कचकचीत होतो. पृष्ठभागाला चिकटेल असा कागद लावून डबा घट्ट झाकला तर तो थोडा अधिक टिकतो. बाजारच्या आईस्क्रीममध्ये भरपूर हवा घोटलेली असते. घरच्यात ती नसते, तेव्हा वाढण्याआधी डबा पाचदहा मिनिटे बाहेर काढून ठेवावा. एकदा वितळलेले पुन्हा गोठवण्यापेक्षा ते सरबत म्हणून पिऊन टाकावे.