उपनगराचं नाव कसं घडतं आणि कसं बिघडतं

शहराबाहेर राहणं प्रतिष्ठेचं, ही समजूत जेमतेम अडीचशे वर्षांची आहे. त्याआधी युरोपातल्या तटबंदीच्या शहरांत जे आत नको असे ते वेशीबाहेर जाई: कातडी कमावणं, खाटीकखाने, दुर्गंधी सुटणारे धंदे, कुंटणखाने. लंडनला थेम्स ओलांडली की लागणारं सदर्क हे त्याचं ठळक उदाहरण. नगरसभेचा अंमल तिथे पुरता चालत नसे. म्हणूनच रोझ (1587) आणि ग्लोब (1599) ही नाटकघरं तिथे उभी राहिली. त्याआधी कैक पिढ्या तिथल्या कुंटणखान्यांच्या जागेचं उत्पन्न विंचेस्टरच्या बिशपकडे जात होतं, पण वस्तीची बदनामी मात्र राहणाऱ्यांच्या वाट्याला येई.

अठराव्या शतकाच्या अखेरीस हे चित्र उलटलं. लंडनच्या दक्षिणेला क्लॅपममध्ये सावकार आणि व्यापारी मोकळ्या माळाभोवती बंगले बांधून राहू लागले. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणारे विल्यम विल्बरफोर्स आणि बँकर हेन्री थॉर्नटन त्यांच्यातलेच. ज्याच्या दारात स्वतःची घोडागाडी, त्यालाच इथून रोज शहरात जाणं परवडे. वस्तीच्या वेगळेपणाचं रक्षण अंतरच करत होतं. बसगाड्या आल्या, 1863 मध्ये जवळच क्लॅपम जंक्शन स्टेशन सुरू झालं आणि ते रक्षण संपलं. बंगल्यांच्या बागांचे तुकडे पडले, भिंतीला भिंत लावून घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज न्यायाधीश सर्वसाधारण, समंजस माणसाचा दाखला देताना ‘क्लॅपमच्या बसमधला माणूस’ म्हणू लागले. शंभर वर्षांत धनिकांचं गाव कोणाचंही झालं. आज तिथली तीच रांगेतली घरं पुन्हा सामान्य पगारदाराच्या आवाक्याबाहेर आहेत.

रेल्वेनं उपनगरं वाढवली हे सगळेच सांगतात. कोणतं उपनगर कोणाचं होणार हे तिकिटाच्या दरानं ठरवलं, याकडे मात्र कमी लक्ष जातं. ग्रेट ईस्टर्न रेल्वेला लंडनमधल्या लिव्हरपूल स्ट्रीटपर्यंत मार्ग न्यायचा होता आणि त्यासाठी गरिबांची घरं पाडावी लागणार होती. 1864 च्या कायद्यानं परवानगी देताना तिच्यावर अट घातली: ईशान्येकडच्या एडमंटन आणि वॉल्थमस्टोहून पहाटेच्या कामगार गाड्या सोडायच्या, जाऊन-येऊन भाडं दोन पेन्स. पुढे 1883 च्या स्वस्त गाड्यांच्या कायद्यानं ही कल्पना सगळ्याच कंपन्यांवर लादली, पण अंमलबजावणी कंपनीगणिक वेगळी राहिली. ईशान्य लंडन कामगारांच्या छोट्या घरांनी भरून गेला. ज्या मार्गांवर स्वस्त तिकिटं नावालाच होती, तिथे कारकून आणि त्यांच्या वरचे लोक राहिले. माती तीच, शहरापासूनचं अंतरही तेवढंच. दोन पेन्सांच्या तिकिटानं पुढच्या कित्येक दशकांचं नाव ठरवून टाकलं.

अमेरिकेत हेच काम कर्जानं केलं. 1930 च्या दशकापूर्वी तिथे घर घ्यायचं तर किमतीच्या निम्म्याच्या आसपास रक्कम आधी उभी करावी लागे आणि उरलेलं कर्ज पाच-दहा वर्षांत फेडावं लागे. 1934 मध्ये स्थापन झालेल्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशननं कर्जाला सरकारी हमी दिली, तेव्हा लांब मुदतीचं, कमी आगाऊ रकमेचं कर्ज मिळू लागलं. हमी कुठे द्यायची याचे निकष मात्र वस्तीवर ठरत. त्याच दशकात होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेनं दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे रंगवले: हिरवा उत्तम, निळा बरा, पिवळा उतरणीचा, लाल धोक्याचा. श्रेणी देताना घरांचं वय आणि अवस्था, कारखान्यांची जवळीक आणि रहिवाशांचा वंश हे सगळं पाहिलं जाई. लाल पट्ट्याची जेवढी चर्चा होते तेवढी पिवळ्याची होत नाही, आणि ही मोठी चूक आहे. पिवळ्यात अजून चांगली घरं होती. ती पडतील असं भाकीत करून तिथलं कर्ज अवघड केलं की छपराची दुरुस्ती लांबते, विकणाऱ्याला गिऱ्हाईक मिळत नाही, घरमालक खोल्या पाडून भाड्यानं देतो. दहा वर्षांत भाकीत खरं ठरतं, आणि मग आमचा अंदाज कसा अचूक होता हे सांगायला सगळे मोकळे.

हमीचा पैसा नव्या जागेकडे वाहिला. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर 1947 ते 1951 या काळात लेव्हिटटाउनमध्ये 17,000 हून जास्त घरं उभी राहिली. तळघर नाही, जमिनीवर सिमेंटचा थर, त्यातच गरम पाण्याच्या तांब्याच्या नळ्या. सुरुवातीच्या करारांत गोऱ्यांखेरीज कोणाला राहू न देण्याचं कलम होतं. अशी कलमं न्यायालयातून बजावून घेता येणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयानं 1948 मध्ये ठरवलं, तरी कर्जपुरवठ्यातला भेदभाव सुरूच राहिला. घरबांधणीतला वंशभेद बेकायदा ठरवणारा कायदा यायला 1968 उजाडलं.

त्या पिढीच्या उपनगरांचं पुढे काय बिघडलं हे समजून घ्यायचं तर जमिनीखाली पाहावं लागतं. घरं इतक्या वेगानं बांधली गेली की मलनिःसारणाच्या वाहिन्या टाकायला उसंतच नव्हती. घरोघरी सेप्टिक टँक किंवा शोषखड्डा. टाकीचं काम साधं असतं: जड गाळ तळाशी बसतो, तेलकट थर वर तरंगतो, मधलं पाणी छिद्रांच्या नळ्यांतून खडीच्या चरांत आणि तिथून मातीत मुरतं. दर तीन ते पाच वर्षांनी गाळ उपसला तर ही व्यवस्था वर्षानुवर्षं चालते. उपसला नाही तर गाळ चरांत उतरतो, चराच्या तळाशी काळा बुळबुळीत थर धरतो आणि पाणी मुरणं थांबतं. मग अंगणात ओल, वास, आणि शेवटी तेच पाणी घरात उलटं येतं. मूळ दोष बहुतेकदा बांधणीआधीच्या चाचणीत असे. खड्डा खणून पाणी भरायचं आणि पातळी एक इंच उतरायला किती मिनिटं लागतात ते मोजायचं, एवढीच ती चाचणी. कोरड्या ऋतूत घेतली तर चिकणमातीही पास होते. पावसात भूजल वर आलं की तोच चर पाण्यानं तुडुंब.

एखाद्या शेतातल्या एकट्या घराला हे सोसतं. लहान भूखंडांवर हजारो टाक्या शेजारी शेजारी आल्या आणि पिण्याचं पाणीही त्याच जमिनीतल्या विहिरींचं, तेव्हा प्रकरण अंगाशी आलं. तेव्हाचे डिटर्जंट मातीत कुजत नसत, त्यामुळे अनेक उपनगरांत नळाच्या पाण्याला फेस येऊ लागला. अमेरिकी उत्पादकांनी 1965 मध्ये कुजणारं रसायन वापरायला सुरुवात केल्यावर फेस गेला, पण फेसानं दाखवून दिलेली गळती तशीच होती. मग वाहिन्या टाकण्यासाठी रस्ते खोदले गेले आणि तो खर्च करांत चढला. स्वस्त घर घेतलेल्यांनी ते दुसऱ्यांदा विकत घेतलं म्हणा ना.

यातून उपनगराचं एक वैशिष्ट्य कळतं. जुन्या शहरात कोणत्याही क्षणी काही घरं नवी, काही मध्यमवयीन, काही पडायला आलेली असतात. उपनगर चार-पाच वर्षांत उभं राहतं आणि म्हणून एकाच वेळी म्हातारं होतं. सपाट गच्चीचं जलरोधक साधारण 15 ते 20 वर्षांत जातं, लिफ्ट 20 ते 25 वर्षांत बदलायला येते, जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी नळ्या 40-50 वर्षांत आतून गंजून बारीक होतात. पहिली गळती दिसते तेव्हा वर्गणी वाढवून भागतं. पंचवीस-तीसच्या सुमाराला सगळंच एकदम निघतं आणि राखीव निधी नसेल तर ज्यांना परवडतं ते दुरुस्तीऐवजी घर बदलतात. उरतात ते कमी पैशांचे, आणि वर्गणी थकायला लागते.

माणसांचंही तसंच. टोकियोजवळच्या तामा न्यू टाउनमध्ये 1971 पासून लोक राहायला आले, बहुतेक तरुण जोडपी. रेल्वे पोचली 1974 मध्ये. शाळा भराभर बांधल्या गेल्या आणि ती एक पिढी शिकून बाहेर पडल्यावर पटसंख्या घसरून बंद कराव्या लागल्या. पाच मजली, लिफ्ट नसलेल्या इमारती तिशीत चालून गेल्या, सत्तरीत पाचवा मजला म्हणजे कैद झाली. तिथल्या सुवा भागात एक धाडसी उपाय झाला: 23 इमारतींतल्या 640 सदनिका पाडून 7 उंच इमारतींत 1,249 सदनिका बांधल्या, 2013 मध्ये त्या पूर्ण झाल्या. जमिनीवर वाढीव बांधकामाला वाव होता म्हणून जादा सदनिका विकून खर्च निघाला. जिथे असा वाव नाही किंवा नव्या घरांना गिऱ्हाईक नाही, तिथे हे गणित बसत नाही. पाचपैकी चार हिश्शांच्या मालकांची संमती मिळवणं हे वेगळंच दिव्य.

वाहतूक उशिरा येणं हा दुसरा जुना आजार. ॲमस्टरडॅमच्या बेलमरमेरमध्ये पहिले रहिवासी 1968 मध्ये आले, मेट्रो 1977 मध्ये. मधल्या नऊ वर्षांत ज्या मध्यमवर्गीय कुटुंबांसाठी ते दहा-अकरा मजली ठोकळे आखले होते, त्यांनी शहराबाहेर दुसरीकडे अंगणवाली घरं घेतली. रिकाम्या सदनिकांत 1975 च्या सुरीनामच्या स्वातंत्र्याच्या सुमारास तिथून आलेली कुटुंबं आली, आणि वाईट नियोजनाचा दोष नव्यानं आलेल्यांवर गेला. पॅरिसजवळच्या क्लिशी-सू-बुआत तर ज्या द्रुतगती मार्गाच्या भरवशावर इमारती उभ्या राहिल्या तो झालाच नाही. 2005 च्या दंगलींनी हे नाव जगभर गेलं. ट्राम तिथे 2019 मध्ये पोचली. तिथल्या शेन प्वाँत्यू या खासगी मालकीच्या संकुलात मालकांची वर्गणी थकत गेली, लिफ्ट बंद पडल्या, आणि शेवटी सरकारला सदनिका विकत घेत उतरावं लागलं.

नाव आणि परिस्थिती यांत नेहमी अंतर राहतं, आणि ते दोन्ही बाजूंनी. घसरण सुरू झाल्यावरही दशकभर वस्ती ‘चांगली’च म्हणवली जाते. सुधारणा झाल्यावरही तितकाच काळ ‘तिकडे नको’ ऐकू येतं. म्हणून एखाद्या भागाची खरी अवस्था पाहायची तर लोकांना विचारण्यापेक्षा थकीत वर्गणीची यादी, राखीव निधीची शिल्लक, पहिलीच्या वर्गाची पटसंख्या आणि शेवटच्या गाडीची वेळ पाहावी. मालक स्वतः राहतात त्या घरांचं प्रमाण झपाट्यानं घटत असेल तर ती पहिली खूण समजावी. रंग उडालेल्या भिंती फार नंतर दिसतात.

चढणीला लागलेल्या वस्त्यांत एक गोष्ट समान असते: मुळातली बांधणी पक्की, फक्त देखभाल हरवलेली. सिडनीच्या पॅडिंग्टनमधल्या रांगेतल्या घरांवर 1948 च्या आराखड्यानं झोपडपट्टी म्हणून पाडण्याचा शिक्का मारला होता. 1964 मध्ये रहिवाशांची संघटना उभी राहिली आणि आज तो तिथला महागडा भाग आहे. बेलमरमेरमधली क्लायबुर्ग ही पाचशे सदनिकांची इमारत पाडायची म्हणून ठरली होती. ती एका युरोला विकली गेली, सांगाडा आणि सामाईक भाग दुरुस्त करून आतलं काम खरेदीदारांवर सोडलं, आणि 2017 मध्ये तिला युरोपचा मीस व्हान डर रोह वास्तुपुरस्कार मिळाला.

लंडनच्या इस्लिंग्टनमध्ये हा बदल 1960 च्या दशकात सुरू झाला. समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी 1964 मध्ये त्याची नोंद केली: एकेक खोली भाड्यानं दिलेली जुनी उंच घरं मध्यमवर्ग विकत घेऊन पुन्हा एकसंध करत होता. 1968 मध्ये भुयारी रेल्वेची व्हिक्टोरिया लाइन तिथे पोचली, आणि 1969 च्या गृहनिर्माण कायद्यानं घरदुरुस्तीची अनुदानं वाढवली. अनुदान घेतल्यावर जुना भाडेकरू राहू द्यायचा की नाही, घर लगेच विकता येईल का, याचं बंधन नव्हतं. घरमालकांनी भाडेकरू काढले, सरकारी पैशानं न्हाणीघरं बसवली आणि घरं विकून टाकली. विक्रीवरच्या आणि भाड्यावरच्या अटी 1974 च्या कायद्यात आल्या, तोवर बऱ्याच रस्त्यांवरचे जुने रहिवासी निघून गेले होते.