धूर धुणाऱ्या टॉवरचा गंज

घरात स्टीलचे कितीही डबे येवोत, बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरांत लोणचं मुरतं ते चिनी मातीच्या बरणीत. आंबटाला मीठ मिळालं की स्टीललाही टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडतात. तिथल्याच मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये याला ‘पिटिंग’ म्हणतात. औष्णिक वीजकेंद्रातल्या धुरातून सल्फर डायऑक्साइड धुऊन काढणाऱ्या एफजीडी (फ्लू गॅस डिसल्फरायझेशन) टॉवरचं दुखणंही हेच.

१९३० च्या दशकात लंडनच्या बॅटरसी केंद्रात धूर धुतला जाई तो थेम्सच्या पाण्याने, आणि धुवण परत नदीत. नदीचे हाल झाले, पण टॉवरमध्ये मीठ साचत नव्हतं. अमेरिकेत १९७० चा स्वच्छ हवा कायदा आला, त्यानंतर चुनखडीची स्लरी (पाण्यात कालवलेली भुकटी) वापरणारे टॉवर वाढले. त्यांत तेच पाणी फिरून फिरून येतं. गंधक जिप्सम होऊन बाहेर पडतं. कोळशातलं क्लोराइड, म्हणजे मिठातलाच घटक, पाण्यातच राहतं आणि हजारो पीपीएमवर (दहा लाख भागांत हजारो भाग) चढतं. माझ्या मते खरं दुखणं हे क्लोराइडच; आम्लाला उगाच जास्त शिव्या बसतात.

३१६एल स्टीलमध्ये पिटिंग रोखणारा मॉलिब्डेनम धातू जेमतेम २ ते ३ टक्के. ते पुरेना, म्हणून ३१७एलएमएन, ९०४एल असं करत गाडी निकेलच्या सी-२७६ या मिश्रधातूवर गेली. त्यात मॉलिब्डेनम सुमारे १६ टक्के, आणि भावही तसाच. मग साध्या पोलादावर त्याचा १.६ मिमी पत्रा वेल्ड करायची ‘वॉलपेपरिंग’ची रीत रुळली. कल्हईच म्हणा ना! फक्त एक जोड चुकला की पाणी पत्र्यामागे शिरतं आणि पोलाद आतल्या आत सडतं. सर्वांत वाईट जागा म्हणजे गरम धूर आणि फवारा भेटतात ती: पाणी सुकतं, मीठ दाटतं.

स्वस्त पर्याय म्हणून आलेल्या २२०५ डुप्लेक्स स्टीलने अमेरिकेत काही ठिकाणी लवकरच दगा दिला. जिप्सम करण्यासाठी फुंकलेली हवा आणि भिंतीवर बसलेले मँगनीजचे थर यांनी गंजाला वेग दिला.

आपल्याकडे ७ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने सल्फर डायऑक्साइडची मर्यादा घातली. मुदत दोन वर्षांची होती; ती लांबत गेली. जुलै २०२५ मध्ये धुराड्याच्या उंचीच्या अटीवर बहुतेक केंद्रांना सूट मिळाली. दहा लाखांवर वस्तीच्या शहरांजवळच्या केंद्रांना मात्र एफजीडी चुकलेलं नाही.

अशा टॉवरचं काम घेणाऱ्या शेडमध्ये ग्राइंडरची चकतीही वेगळी लागते. साध्या लोखंडावर फिरलेली चकती या पत्र्याला लावली की लोखंडाचे कण रुततात, आणि गंज तिथूनच धरतो.