रिपोर्टातलं 'सजेस्टिव्ह' आणि लॅबचं 'डिटेक्टेड' एक नव्हे

ब्रेन ट्यूमरच्या एमआरआय रिपोर्टमध्ये कधीकधी 'नो टी२-फ्लेअर मिसमॅच' अशी एक ओळ असते. मिसमॅच ही स्कॅनवरची एक खूण, ती दिसली तर गाठीच्या जीनमध्ये एक ठरावीक बदल असावा असा अंदाज बांधतात. ती वाचून लोक 'चला, जीनमध्ये काही नाही' असं धरून चालतात, आणि हे मी इतक्या वेळा बघितलंय की शेवटी लिहायलाच बसलो. मी सिंधुदुर्गात एमआरआयवर टेक्निशियन आहे. रिपोर्ट रेडिओलॉजिस्ट लिहितात, पण पाकीट पेशंटच्या हातात देताना खिडकीत मी असतो आणि पहिला प्रश्न मलाच येतो.

परवा एक काका आले, भर पावसात, पुतण्याचा रिपोर्ट न्यायला. पाकीट तिथेच फोडलं, भाचीला फोनवर फोटो पाठवून वाचायला लावलं आणि मला म्हणाले, "बाबू, रिपोर्ट बरो इलो मां? जीनचा काय नाय असा लिवलाहा." मी म्हटलं, काका, तसं लिहिलेलं नाहीये. त्यांचा चेहरा उतरला, मला वाईट वाटलं, पण तो गैरसमज तसाच ठेवून त्यांना एसटीत बसवणं मला जमलं नसतं.

तर दोन गोष्टी. एक, स्कॅनच्या फोटोवरून गाठीचा जेनेटिक प्रकार ओळखायचा प्रयत्न, ज्याला रेडिओजीनोमिक्स म्हणतात, तिथे रिपोर्टात 'सजेस्टिव्ह', म्हणजे 'तसं वाटतंय', असं येतं. दुसरी, गाठीचा तुकडा काढून लॅबमध्ये त्याचा जीन तपासणं, तिथे 'डिटेक्टेड', म्हणजे 'सापडलं', असं येतं. दुसरी बहुतेकांना माहिती असते, बायोप्सी, तो तुकडा मेणात बसवून केलेला ब्लॉक, स्लाइड, मग जीन टेस्ट, त्यावर वेळ घालवत नाही. रेडिओमिक्स हा शब्दही ऐकू येतो, तो म्हणजे फोटोतून आकार, पोत, उजेड-काळोख यांचे आकडे काढणं, आणि त्या आकड्यांची सांगड जीनशी घातली की झालं रेडिओजीनोमिक्स. या दोन शब्दांवर लोक वाद घालतात, मला त्यात काही राम दिसत नाही.

हे सगळं करायचं कशाला, तर गाठीचं नावच आता जीनवर ठरतं. डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या वर्गीकरणात मोठ्या माणसांच्या पसरणाऱ्या ग्लायोमाचे, म्हणजे मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींच्या गाठीचे, तीन प्रकार आहेत. त्यात आयडीएच हा एक जीन, आणि म्युटंट म्हणजे तो जीन बिघडलेली गाठ. आयडीएच-म्युटंट अॅस्ट्रोसायटोमा, आयडीएच-म्युटंट आणि सोबत १पी/१९क्यू हे क्रोमोसोमचे दोन तुकडे गेलेला ऑलिगोडेंड्रोग्लायोमा, आणि आयडीएच जीन शाबूत असलेला ग्लायोब्लास्टोमा. तिघांचा पुढचा प्रवास वेगळा, औषधं वेगळी. ऑपरेशनच्या आधीच अंदाज आला तर सर्जनला किती काढायचं, कुठपर्यंत जायचं याचा विचार करता येतो. त्यामुळे स्कॅनवरून अंदाज घेणं ही फार मोलाची गोष्ट आहे, माझा राग त्यावर नाहीच, राग आहे तो अंदाज वाचायच्या पद्धतीवर.

आता खरी मेख. लोकांना वाटतं स्कॅन आणि जीन टेस्ट एकच गोष्ट मोजतात, एक जरा ढोबळ आणि एक जरा बारीक, म्हणजे वाण्याचा तराजू आणि सोनाराचा काटा. तसं नाहीये. स्कॅनला जीन दिसतच नाही. जीन बिघडल्यामुळे गाठीच्या आत जे काही झालं, पाणी साठलं, कॅल्शियम जमलं, रक्तवाहिन्या वाढल्या, त्याची खूण दिसते. आणि खूण असली तर एक अर्थ निघतो, पण खूण नसली तर त्याच्या उलटा अर्थ निघत नाही. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा सांगतो आणि पुन्हा पुन्हा हेच चुकतं.

टी२-फ्लेअर मिसमॅच हेच घ्या. एकाच डोक्याचे दोन फोटो शेजारी लावतो. टी२ मध्ये पाणी पांढरं दिसतं, आणि ही गाठ आख्खी एकसारखी पांढरी, कापसाच्या बोळ्यासारखी. फ्लेअरमध्ये मशीन मोकळ्या पाण्याचा सिग्नल दाबून टाकतं, त्यामुळे मेंदूच्या आतल्या पाण्याच्या पोकळ्या काळ्या होतात. आता तीच गाठ फ्लेअरमध्ये बघा, मधला बराचसा भाग काळपट पडलेला आणि फक्त कडेला पांढरी किनार, नऊवारीला काठ असावा तशी. दोन फोटोत हा असा मेळ बसत नाही म्हणून मिसमॅच. २०१७ मध्ये ही खूण पहिल्यांदा नीट मांडली गेली तेव्हा ज्या ज्या गाठीत ती दिसली ती प्रत्येक गाठ आयडीएच-म्युटंट अॅस्ट्रोसायटोमा निघाली. नंतर अपवाद सापडले, लहान मुलांच्या काही वेगळ्याच गाठींमध्येही ती दिसते, पण मोठ्या माणसात ही खूण स्पष्ट असली तर फार जोरदार पुरावा आहे. मी पहिल्यांदा स्क्रीनवर अगदी स्पष्ट मिसमॅच बघितला तेव्हा स्कॅन संपल्यावरही बराच वेळ ते दोन फोटो उघडे ठेवून बसलो होतो, न कापता एवढं कळतं म्हणजे केवढी गोष्ट आहे.

पण याच आयडीएच-म्युटंट अॅस्ट्रोसायटोमांपैकी निम्म्याहून कमी गाठींमध्ये ती खूण दिसते. उरलेल्या गाठी म्युटंट असूनही खूण दाखवत नाहीत. म्हणजे 'मिसमॅच नाही' याचा अर्थ 'म्युटेशन नाही' असा होतच नाही, फक्त 'या खुणेवरून काही सांगता येत नाही' एवढाच होतो. समुद्रावर कुरव पक्षी घिरट्या घालून सूर मारताना दिसले की खाली मासा आहे हे आमच्याकडे पोरालाही कळतं, पण कुरव दिसले नाहीत म्हणून मासा नाही असं म्हणून कोणी होडी परत वळवत नाही. काकांना मी हेच सांगितलं. ते मालवणकडचे, त्यांना एका फटक्यात कळलं, म्हणाले, "म्हंजे जाळा टाकूकच व्हया." हो काका, जाळं टाकायलाच पाहिजे, ते जाळं म्हणजे बायोप्सी.

हाच घोळ लॅबच्या कागदावरही होतो, म्हणून तेही इथेच सांगतो. बऱ्याच ठिकाणी आधी स्लाइडवर एक डाग देऊन बघतात, तो आयडीएच१ आर१३२एच नावाच्या एकाच बदलासाठी असतो. ग्लायोमातल्या आयडीएच म्युटेशनपैकी दहातले नऊ हेच असतात म्हणून हा डाग कामाचा. पण तो निगेटिव्ह आला तरी उरलेल्यातलं एखादं म्युटेशन असू शकतं, आणि पेशंट पंचावन्नच्या आतला असेल तर पुढे जीनचं सिक्वेन्सिंग, म्हणजे जीन अक्षर-अक्षर वाचणं, करावं असं डब्ल्यूएचओचंच म्हणणं आहे. तेव्हा 'निगेटिव्ह' वाचलं की पहिला प्रश्न हा विचारा की नेमकं काय तपासलं आणि ते निगेटिव्ह आलं.

स्कॅन जीनच्या सगळ्यात जवळ जातो तो स्पेक्ट्रोस्कोपीत. बिघडलेलं आयडीएच एन्झाइम गाठीत २-हायड्रॉक्सीग्लुटारेट नावाचं रसायन भरमसाट बनवतं, आणि एमआरआय मशीनवरच त्या रसायनाचा सिग्नल पकडता येतो. मला हे तंत्र मनापासून आवडतं, कारण इथे निदान जीनच्या कामाचा थेट माल दिसतो. तरी गाठ लहान असेल किंवा कवटीच्या हाडाला खेटून असेल तर आलेख बिघडतो, आणि शेजारच्या रसायनांच्या रेघा त्याच्यावर चढतात. म्हणजे इथेही दिसलं तर दिसलं, नाही दिसलं तर गप्प बसायचं.

मुलांच्या मेडुलोब्लास्टोमात, म्हणजे लहान मेंदूत होणाऱ्या एका गाठीत, गाठीची जागाच थोडं बोलते. चार गट आहेत, डब्ल्यूएनटी, एसएचएच, ग्रुप ३, ग्रुप ४. लहान मेंदूच्या बाजूच्या गोलार्धात असली तर एसएचएचची शक्यता वाढते, कडेला पेडंकलजवळ, म्हणजे लहान मेंदूला जोडणाऱ्या दांड्याजवळ, असली तर डब्ल्यूएनटी, ज्यातली मुलं उपचाराने सगळ्यात चांगली बरी होतात. पण ३ आणि ४ दोन्ही मधोमध बसतात, तिथे जागा फारशी मदत करत नाही.

आता ते व्हॉट्सअॅपवर फिरणारं फॉरवर्ड, 'एआय फोटो बघून जीन सांगतो, बायोप्सीची गरज संपली'. कृपा करून हे पुढे पाठवू नका. २०२१ मध्ये ग्लायोब्लास्टोमाच्या एमआरआयवरून एमजीएमटी मिथिलेशन (एमजीएमटी या जीनवरचा एक रासायनिक बदल) ओळखायची मोठी जागतिक स्पर्धा झाली होती, हजारावर टीम होत्या, आणि पहिल्या आलेल्या मॉडेलचा एयूसी, म्हणजे ओळख किती बरोबर जमते याचा आकडा, साधारण ०.६२ होता, पूर्ण बरोबर असेल तर तो १ असतो. नाणं उडवलं तर ०.५ येतो, एवढं सांगितलं की पुरे. आयडीएचच्या बाबतीत मॉडेल्स याच्यापेक्षा खूपच बरी चालतात, म्हणजे कुठला जीन खुणा सोडतो आणि कुठला सोडत नाही यावर सगळं आहे. शिवाय गाठच दुर्मिळ, त्यामुळे शिकवायला फोटो थोडे, आणि थोड्या फोटोंवर शिकलेलं मॉडेल त्या हॉस्पिटलच्या मशीनचीच सवय लावून घेतं. माझ्याकडचं मशीन दीड टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप), स्लाइस पाच मिलिमीटरची, पेशंट घाबरून हललेला, आणि मॉडेल शिकलंय तीन टेस्लाच्या पातळ स्लाइसवर. फ्लेअरच्या सेटिंगमध्ये थोडा फरक पडला तरी ती काळपट-पांढरी किनार कमी-जास्त होते, हे मी रोज डोळ्यांनी बघतो.

स्कॅन उजवा कुठे ते पण सांगतो. सुई गाठीच्या एका कोपऱ्यातून तुकडा आणते, स्कॅन आख्खी गाठ बघतो, आणि तीन महिन्यांनी परत बघतो. ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूच्या देठात, जिथे सुई घालायलाच सर्जन दहा वेळा विचार करतात तिथे स्कॅनचा अंदाज सोन्यासारखा. पण औषध ठरवायचं तर मला लॅबचाच कागद हवा. अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर झालेलं व्होरासिडेनिब ग्रेड २ च्या आयडीएच-म्युटंट गाठींसाठी आहे, आणि तिथे म्युटेशन लॅबमध्ये सापडलेलं असावं लागतं, 'सजेस्टिव्ह'वर ते चालत नाही.

'सजेस्टिव्ह'वरून आठवलं, रिपोर्टात 'सजेस्टिव्ह ऑफ'चं 'एस/ओ' असं तोडून लिहितात ते बंद व्हायला पाहिजे. बऱ्याच आधार कार्डांवर एस/ओ म्हणजे अमक्याचा मुलगा, त्यामुळे लोक पुढचा शब्द बापाचं नाव म्हणून वाचायला जातात. आख्खं लिहा, शाई काही संपत नाही.

आणि 'जेनेटिक' म्हटलं की 'म्हणजे आमच्या घराण्यात आहे का' म्हणून रडणाऱ्या आया मी बघितल्यात. ग्लायोमातलं आयडीएच म्युटेशन साधारणपणे फक्त गाठीत असतं, ते आईबापाकडून आलेलं नसतं. फिओक्रोमोसायटोमा (अॅड्रिनल ग्रंथीतली गाठ) आणि पॅरागॅंग्लिओमा (तशीच गाठ, पण ग्रंथीबाहेरची) या गाठी मात्र वेगळ्या, तिथे साधारण तीनातल्या एका पेशंटमध्ये दोष घराण्यातून आलेला असतो, म्हणून तिथे रक्ताची जीन टेस्ट सगळ्यांनाच सुचवतात.

मुंबईला किंवा गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला जाताना फिल्मवर अवलंबून राहू नका, जुलैत आपल्याकडच्या दमट हवेत फिल्म एकमेकींना चिकटतात आणि सोडवताना सालपट निघतं. डायकॉमची सीडी, म्हणजे स्कॅनच्या मूळ कॉम्प्युटर फाइल्सची, मागून घ्या, फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो कुठल्याही कॉम्प्युटर अॅनालिसिसला चालत नाही. ऑपरेशन झालं की पॅथॉलॉजीचा ब्लॉक नंबर लिहून ठेवा, पुढे कधीही नवीन जीन टेस्ट करायची झाली तर बहुतेक वेळा त्याच ब्लॉकमधून होते, दुसऱ्यांदा डोकं उघडावं लागत नाही. आणि ब्लॉक स्वतः घेऊन जायची वेळ आली तर गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका, मेण आहे ते.