रॅम घेण्याआधी जुनं लेबल वाचा

सांगलीच्या मार्केट यार्डात ऐन हळदीच्या हंगामात पेढीवरचा कॉम्प्युटर रेंगाळू लागला, की ‘८ जीबी रॅम टाका’ हा सल्ला हमखास मिळतो. सल्ला योग्यच आहे, नव्या मशीनच्या मानाने खर्चही कमी. पण दुकानात नुसतं ‘८ जीबी’ सांगून भागत नाही.

रॅमच्याही पिढ्या असतात. डीडीआर३ साधारण १.५ व्होल्टवर चालते, डीडीआर४ १.२ वर, डीडीआर५ १.१ वर. डेस्कटॉपच्या डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही स्टिकना, म्हणजे रॅमच्या पट्ट्यांना, २८८ पिना असतात, मात्र मधली खाच मुद्दाम वेगळ्या जागी ठेवलेली असते. स्टिक सहज बसत नसेल तर जोर लावू नका. प्रोसेसरची पिढी कळली म्हणजे झालं, असंही नाही. इंटेलचे २०१५ चे सहाव्या पिढीचे प्रोसेसर डीडीआर४ घेतात आणि १.३५ व्होल्टची डीडीआर३एलसुद्धा. त्यामुळे मदरबोर्डावरचा स्लॉट, म्हणजे स्टिक बसवायची जागा, बघावाच लागतो.

सगळ्यात भरवशाचं म्हणजे जुन्या स्टिकवरचं लेबल. समजा त्यावर ‘८जीबी १आरएक्स८ पीसी४-२६६६व्ही-यूए२’ असं छापलंय. ‘पीसी४’ म्हणजे डीडीआर४. २६६६ हा वेग. शेवटच्या गटातलं ‘यू’ हे अक्षर बहुतेक जण बघतच नाहीत, आणि फसगत तिथेच होते. ‘यू’ म्हणजे साधी डेस्कटॉपची रॅम, ‘एस’ म्हणजे लॅपटॉपची आखूड स्टिक, ‘आर’ म्हणजे सर्व्हरची. सर्व्हरमधून काढलेली रॅम सेकंडहँड बाजारात स्वस्त मिळते, साध्या डीडीआर४ बोर्डात ती बसतेही, पण मशीन सुरूच होत नाही.

वेगाची फार चिंता नको. २६६६ शेजारी ३२०० ची स्टिक लावली तर सहसा दोन्ही २६६६ ने चालतात. प्रत्येक स्टिकवरच्या एका बारीक चिपमध्ये तिचा वेग आणि टायमिंग नोंदवलेलं असतं. मशीन सुरू होताना बोर्ड ते वाचतो आणि दोघींना झेपेल तो वेग धरतो. स्लॉट दोन असतील तर ८ च्या एकीपेक्षा ४-४ च्या दोन सारख्या स्टिक बऱ्या, कारण डेटा दोन वाटांनी एकदम येतो.

बऱ्याच जुन्या मशीनवर अजून ३२ बिटची विंडोज असते. घरगुती आवृत्तीत ती ४ जीबीच्या वरची रॅम वापरूच शकत नाही. त्यामुळे पैसे देण्याआधी सेटिंग्जमध्ये ‘सिस्टीम टाइप’ उघडून तिथे ६४ बिट लिहिलंय का, ते पाहा.