दोन पियानोंच्या कार्यक्रमासाठी जुन्या रचना निवडताना

कोल्हापुरात दोन पियानोंच्या वादनाचा कार्यक्रम आखायचा म्हटले की दोन चांगले पियानो एका छताखाली आणायचे कसे, हीच पहिली अडचण उभी राहते. ती सुटल्यानंतर दुसरा, अधिक नाजूक प्रश्न येतो तो आरंभ कोणत्या काळापासून करावा याचा. मोझार्टने १७८१ मध्ये लिहिलेला डी मेजरमधील सोनाटा, म्हणजे केवळ वाद्यांसाठीची रचना (मोझार्टच्या रचनांच्या सूचीत के. ४४८), ही या प्रकारातली सर्वांत परिचित रचना असल्यामुळे तिथूनच सुरुवात करण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात दोन कळफलकांसाठी लिहिण्याची प्रथा त्याच्या दीडशेहून अधिक वर्षे आधीची आहे आणि ती पियानोपेक्षाही जुनी आहे. फ्लॉरेन्समध्ये क्रिस्टोफोरीने पहिला पियानो घडवला तो १७०० च्या सुमारास. त्यामुळे आरंभीच्या रचना व्हर्जिनल आणि हार्पसिकॉर्ड या, तारा छेडून वाजणाऱ्या वाद्यांसाठी आहेत. शिवाय त्यांतल्या बऱ्याचशा रचना सभागृहासाठी नव्हेत, तर घरासाठी आणि तालमीसाठी लिहिल्या गेल्या. निवड करताना ही दुसरी गोष्ट सहसा विसरली जाते.

उपलब्ध रचनांपैकी सर्वांत जुनी मानली जाणारी रचना इंग्लंडमधील जाइल्स फार्नबी याची आहे. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात सतराव्या शतकाच्या आरंभीचे जे मोठे व्हर्जिनल-हस्तलिखित आहे, त्यातल्या जवळजवळ तीनशे रचनांमध्ये दोन व्हर्जिनलसाठीची ही एक चिमुकली रचना दडलेली आहे. एक वादक साधी चाल वाजवतो आणि दुसरा त्याच वेळी तीच चाल अलंकारांनी भरून वाजवतो. ज्या गावाने गोविंदराव टेंब्यांची पेटी ऐकली, तिथल्या श्रोत्याला एकाच चालीची ही दोन रूपे शेजारी शेजारी चालताना ऐकणे मुळीच परके वाटणार नाही. रचना जेमतेम मिनिटभराची आहे; कार्यक्रमाच्या आरंभी ती दोनदा वाजवावी आणि दुसऱ्या खेपेस वादकांनी भूमिका बदलाव्यात, असे मला वाटते.

रोमच्या बेर्नार्दो पास्क्विनी याने १७०४ च्या सुमारास लिहिलेले चौदा सोनाटे याहून विलक्षण आहेत. कागदावर दोन्ही वादकांसाठी फक्त खर्जाची एकेक ओळ आहे आणि सुरावटींचा मेळ सुचवणारे आकडे आहेत. उजव्या हाताने काय वाजवायचे ते वादकांनी त्या क्षणी रचायचे. याला जुगलबंदी म्हणण्याचा मोह होईल, पण तुलना फार ताणू नये, कारण इथे खर्ज आणि मेळ आधीच बांधलेले असतात व राग मांडण्याचा प्रश्नच नसतो. त्या शैलीतले उपज-वादन ज्यांनी शिकलेले नाही, त्यांनी हे सोनाटे दुसऱ्या कोणी भरून छापलेल्या प्रतीवरून वाजवण्यापेक्षा बाजूला ठेवणे बरे.

फ्रान्सच्या फ्राँस्वा कूपरँच्या बाबतीत मात्र असा संकोच करण्याचे कारण नाही. त्याच्या हार्पसिकॉर्ड-रचनांच्या दुसऱ्या खंडातील (१७१६–१७) नववा संच दोन हार्पसिकॉर्डसाठी लिहिलेल्या ‘आलमांद’ने (एका जुन्या नृत्यप्रकारावरील रचनेने) उघडतो. गंभीर चालीची ही रचना पूर्ण लिहिलेली आहे आणि दोन्ही वादकांना समान मान देते. १७२५ मध्ये आधीच्या पिढीतला रचनाकार ल्युली याच्या स्मरणार्थ छापलेल्या रचनेच्या प्रस्तावनेत कूपरँने सांगितले आहे की दोन वरच्या ओळी आणि एक खर्ज असलेले आपले त्रिपदी संगीत दोन हार्पसिकॉर्डवरही वाजवता येते: प्रत्येकाने एक वरची ओळ घ्यावी आणि खर्ज दोघांनीही वाजवावा. आपण घरच्या मंडळींबरोबर आणि शिष्यांबरोबर असेच वाजवतो, असेही तो लिहितो. त्याची मुलगी मार्गेरित-आंत्वानेत पुढे दरबारी हार्पसिकॉर्डवादक झाली, हे लक्षात घेतले म्हणजे ही घरची मंडळी किती तयारीची असतील याची कल्पना येते. ही युक्ती आजच्या पियानोवर जशीच्या तशी उचलता येत नाही. हार्पसिकॉर्डचा स्वर छेडताच विरू लागतो, म्हणून दुहेरी खर्ज तिथे केवळ भरीव वाटतो. पियानोवर तोच खर्ज जाड होऊन वरच्या ओळी झाकतो. एकाने खर्ज अगदी हलका ठेवावा आणि पेडलला दोघांनीही शक्यतो पाय लावू नये.

जर्मनीतील योहान सेबास्टियान बाखच्या घरातही चित्र असेच आहे. त्याचा सी मेजरमधील दोन हार्पसिकॉर्डचा कॉन्चर्टो, म्हणजे सहसा मुख्य वादक आणि साथीचा वाद्यवृंद यांची रचना (बाखच्या सूचीत बीडब्ल्यूव्ही १०६१), आज तंतुवाद्यांच्या साथीने वाजतो, परंतु मुळात तो साथीविना दोनच वाद्यांसाठी लिहिलेला होता. त्या मूळ रूपाच्या १७३२–३३ च्या सुमाराच्या प्रती मुख्यतः त्याची पत्नी आना माग्दालेना हिच्या हातच्या आहेत. वाद्यवृंद जमवणे जिथे अवघड आहे, अशा कोल्हापूरसारख्या ठिकाणी हे मूळ रूप म्हणजे तडजोड नव्हे, हे निमंत्रणपत्रिकेवर स्पष्ट छापायला हरकत नाही. थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडेमान याने दोन हार्पसिकॉर्डसाठी एफ मेजरमध्ये एक कॉन्चर्टो लिहिला. त्याच्या प्रती वडिलांनी स्वतः उतरवल्या होत्या आणि त्या हस्ताक्षरामुळे पुढे ही रचना काही काळ वडिलांच्याच नावावर छापली गेली. बापलेकांचे हे दोन कॉन्चर्टो लागोपाठ वाजवले, तर एका घरातल्या दोन पिढ्यांच्या आवडीनिवडीतला फरक कानाला सहज कळतो. वेळ मोजका असेल, तर मी मुलाचा कॉन्चर्टो ठेवीन, कारण वडिलांचा अन्यत्र ऐकायला मिळतो.

स्पेनमध्ये आंतोनियो सोलेर याने राजपुत्र गाब्रिएल या आपल्या शिष्यासाठी दोन ऑर्गनचे सहा कॉन्चर्टो लिहिले. ते पियानोवर चांगले उतरतात आणि बहुतेकांत दोनच भाग असल्याने फार लांबत नाहीत. बाखचाच धाकटा मुलगा, लंडनचा योहान क्रिस्टियान बाख, याचा जी मेजरमधील सोनाटा (ओपस १५, क्रमांक ५) सुबक आहे. त्याहून अधिक काही म्हणवत नाही.

मोझार्टचा सोनाटादेखील गुरुशिष्यांचाच आहे. व्हिएन्नातील त्याची शिष्या जोसेफा आउएर्नहामर हिच्या घरी २३ नोव्हेंबर १७८१ रोजी दोघांनी तो प्रथम वाजवला. शिष्येच्या वाट्याला दुय्यम काम आलेले नाही; एकाने मांडलेले वाक्य दुसरा लगेच उचलतो आणि तयारी दोघांचीही तितकीच लागते. अशी देवाणघेवाण श्रोत्यांना दिसायची, तर पियानो समोरासमोर ठेवावेत. ज्याचे झाकण श्रोत्यांच्या उलट दिशेला उघडते, त्या पियानोचे झाकण काढून टाकावे. त्याआधी दोन्ही पियानो त्याच जागी दोन-तीन दिवस राहू द्यावेत आणि मग एकाच बैठकीत सुरात घ्यावेत, कारण आपल्याकडच्या पावसाळी हवेत लाकूड फुगते आणि दोन वाद्ये सारख्याच प्रमाणात उतरत वा चढत नाहीत. कार्यक्रम दिवाळीनंतर ठेवता आला तर यातला बराच त्रास वाचतो.

शेवटी काय ठेवावे, याबद्दल माझे मत सोनाट्याच्या बाजूचे नाही. मोझार्टने १७८२ पासून व्हिएन्नात संगीतप्रेमी बॅरन फान स्वीटेन यांच्याकडच्या रविवारच्या बैठकींत थोरल्या बाखचे फ्यूग (एकच सुरावट एकामागून एक ओळींत उचलून गुंफलेल्या रचना) अभ्यासले आणि २९ डिसेंबर १७८३ रोजी दोन पियानोंसाठी सी मायनरमधील फ्यूग (के. ४२६) लिहून पूर्ण केला. बाखच्या मूळ कॉन्चर्टोचा शेवटचा भागही फ्यूगच आहे. तो कॉन्चर्टो मध्यंतरापूर्वी आणि मोझार्टचा हा फ्यूग अखेरीस ठेवला, तर मोझार्ट कोणाकडून काय शिकला हे निवेदकाला वेगळे सांगावे लागत नाही.