जाम झालेला इंजेक्टर काढणे

डिझेल मोटारीच्या सिलिंडर हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणासारख्या भागात, घट्ट अडकून बसलेला इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा सोडणारा भाग), हेड न उतरवता आणि कशाचीही मोडतोड न करता, बाहेर काढण्याचे काम. सातारा जिल्ह्यातल्या गॅरेजांत ‘इंजेक्टर जाम झालाय’ एवढे म्हटले की पुढचे सगळे समजते, आणि अर्धा दिवस त्या गाडीपाशी जाणार हेही.

साताऱ्याला डिझेल इंजिनाची ओळख जुनी आहे. १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पहिले प्रीमियर (आजच्या मुख्यमंत्र्यासारखे पद) झालेले धनजीशा कूपर इथलेच, आणि त्यांच्या कारखान्यातली कूपर इंजिने शेतातल्या विहिरींवर चालत. त्या इंजिनांचा नोझल, म्हणजे इंजेक्टरचे फवारा सोडणारे टोक, साधा, यांत्रिक. तो साधारण दोनशे बारच्या आसपासच्या दाबाला उघडे. १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ या मोटारीत कॉमन रेल पद्धत आली, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना जास्त दाबाच्या एकाच सामाईक नळीतून (रेलमधून) डिझेल मिळू लागले, आणि पुढे हा दाब १,६०० ते २,००० बारपर्यंत गेला. आजचा इंजेक्टर हा बारीक, लांब आणि महागडा भाग आहे. हेडमधल्या खोल भोकात तो उभा असतो, वरून एक क्लॅम्प व बोल्ट त्याला दाबून धरतात आणि तळाशी तांब्याचा छोटा वॉशर असतो. काही रुपयांच्या या वॉशरवर सगळा खेळ आहे.

वॉशर नीट बसला नाही, जुनाच पुन्हा वापरला किंवा क्लॅम्पचा बोल्ट ढिला राहिला, की ज्वलनाचा वायू इंजेक्टरच्या कडेने वर येऊ लागतो. सुरुवातीला बॉनेट उघडल्यावर ‘चफ चफ’ असा आवाज येतो, गाडीत धुराचा वास येतो. तेव्हाच गाडी दाखवली तर काम वॉशरवर भागते. पण आवाजाकडे दुर्लक्ष होते, आणि काजळी व अर्धवट जळालेले डिझेल मिळून इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर साचतो. तो इतका कडक होतो की स्क्रूड्रायव्हरने टोकरला तर काळ्या काचेसारखे कपचे उडतात. दुसरे कारण पाणी. महाबळेश्वर, बामणोली, कोयनानगर या पट्ट्यात पावसाळाभर फिरणाऱ्या गाड्यांत पुढच्या काचेखालच्या जाळीचा निचरा पाचोळ्याने तुंबतो. काही गाड्यांत ते पाणी थेट इंजेक्टरच्या खळग्यात उतरते आणि पोलादी अंगाला गंज धरतो. पावसाळ्याआधी ती जाळी साफ करायला पाच मिनिटे लागतात.

काढताना पहिली गरज वेळेची असते. शक्यतो आदल्या संध्याकाळी खळगा हवेने साफ करून गंज सोडवणारे तेल इंजेक्टरभोवती सोडतात आणि रात्रभर मुरू देतात. सकाळी इंजिन गरम करतात. हेड अ‍ॅल्युमिनियमचे असेल तर तापल्यावर ते पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे पकड थोडी सुटते. मग इंजिन बंद करून रेलमधला दाब उतरेपर्यंत थांबायचे. चालू इंजिनावर डिझेलची नळी कधीही सैल करू नये. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब रुग्णालयात जावे लागते.

नळ्या सोडवल्यावर त्यांची तोंडे स्वच्छ टोपणांनी बंद करतात. धुळीचा एक कणही नवा इंजेक्टर खराब करू शकतो. क्लॅम्प काढल्यावर लगेच ओढायचे नाही, आधी फिरवायचे. इंजेक्टरच्या अंगावरच्या सपाट बाजूंना पाना लावून त्याला केसभर डावीकडे, केसभर उजवीकडे हलवतात, पुन्हा तेल सोडतात, पुन्हा हलवतात. पाना वरच्या विजेच्या भागाला लावला तर तो तुटतो, म्हणून पकड खालीच हवी. काळे तेल कडेने वर येऊ लागले की समजावे, थर फुटला. मग दांड्यावर सरकणाऱ्या वजनाचा पुलर, म्हणजे स्लाइड हॅमर, लावून सरळ वर छोटे झटके देतात. तरीही हलला नाही तर हायड्रॉलिक पुलर लागतो. बोल्ट थोडा ढिला करून गाडी चालवायची आणि सिलिंडरच्या दाबानेच इंजेक्टर सुटू द्यायचा, असाही एक मार्ग आहे. दाबाची नळी जोडलेली असताना इंजेक्टर उसळू देणे मला धोक्याचे वाटते. वाकडा झटका बसला तर इंजेक्टर मधोमध तुटून तळचा भाग हेडमध्येच राहतो. मग हेड उतरवून टर्नरकडे न्यावे लागते आणि खर्च कितीतरी पट वाढतो.

इंजेक्टर हातात आला म्हणजे काम संपले असे बरेच जण धरतात, आणि तीच गाडी काही महिन्यांत परत येते. खरे काम सीटचे, म्हणजे हेडमधल्या वॉशर बसण्याच्या जागेचे आहे. नोझलचे भोक बंद करून, कटरला ग्रीस लावून ती जागा हाताने अलगद घासतात. काळा डाग जाऊन पूर्ण गोल चकाकला पाहिजे. एका बाजूला जरी सावली राहिली तरी वायू तिथूनच वाट काढतो. वॉशर नवा आणि कंपनीने सांगितलेल्या जाडीचाच घ्यावा, कारण जाडी बदलली की नोझलचे टोक ज्वलनकक्षात कमीजास्त पुढे येते. बऱ्याच इंजिनांत क्लॅम्पचा बोल्टही एकदाच वापरायचा असतो आणि तो टॉर्क पान्यानेच, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्यानेच, आवळायचा असतो. चिकटू न देणारी पेस्ट इंजेक्टरच्या अंगाला चालते, सीटला नाही. जुने इंजेक्टर आपापल्या सिलिंडरमध्येच जावेत म्हणून काढतानाच त्यांच्यावर नंबर टाकतात. नवा बसवला तर बहुतेक गाड्यांत त्यावरचा कोड स्कॅनरने इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये भरावा लागतो.

शेवटी इंजिन चालू करून खळग्यात थोडे तेल टाकतात आणि टॉर्चच्या उजेडात पाहतात. बुडबुडे आले नाहीत तर सीटने पकड घेतली.